चेहऱ्याची ट्यूब बंद केली आणि चेहरा पेटला, डॉक्टर बदलू का? (इंदूर)

रामबागेतली:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

धाकट्याच्या वेळी माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. बाळंतपणानंतर फिकट झाले पण गेले नाहीत. चार वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींनी एक ट्यूब सांगितली, मेडिकलवर नाव घेतलं की देतात, पर्चा कोणी मागत नाही. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की भिशीतल्या बायका विचारायला लागल्या फेशियल कुठे करतेस म्हणून. मग काय, एक संपली की दुसरी. दुसऱ्या वर्षी गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, कपाळावर मुरुम आले जे मला कॉलेजात पण कधी नव्हते. पोळ्या करायला गॅसपुढे उभी राहिले की चेहऱ्याची नुसती लाही. आणि दोन दिवस ट्यूब नाही लावली तर इतकी आग व्हायची की तिसऱ्या दिवशी मी आपणहून परत लावायची.

शेवटी नणंदेने धरून नेलं लोकमान्य नगरच्या बाजूला एक स्किनच्या मॅडम बसतात त्यांच्याकडे. त्यांनी भिंगातून गाल बघितले, हनुवटी बघितली, हात बघितले, मान बघितली, मग म्हणाल्या घरात चेहऱ्याला जे जे लागतं ते सगळं पिशवीत घालून उद्या घेऊन या. अकरा वस्तू निघाल्या! त्यातल्या नऊ बाजूला काढल्या. ट्यूब आजपासून बंद म्हणाल्या, आणि हेही म्हणाल्या की आता काही आठवडे चेहरा आहे त्यापेक्षा वाईट दिसेल, हे आधीच सांगतेय म्हणजे घाबरून परत लावणार नाही. दिलं काय तर एक साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, रात्री लावायला टॅक्रोलिमस नावाचं मलम आणि गोळ्या. बस.

आज बारावा दिवस. चेहरा लाल, सुजलेला, पाणी लागलं तरी झोंबतं. दीड महिन्यावर दिराचं लग्न आहे. सासूबाई काळजीनेच म्हणतात की लग्नापुरती लाव, मग सोड. माहेरचे म्हणतात डॉक्टर बदल, एवढ्या कमी औषधांनी कोणी बरं होतं का. जुनी ट्यूब अजून कपाटात आहे. खरं सांगते, काल रात्री दोनदा हातात घेतली. कोणाला असा अनुभव आहे का? थांबू का?

सुदामानगरची मावशी:
अगं थांब. कपाटातली ट्यूब आधी घराबाहेर टाक, मग पुढचं वाच. माझ्या मुलीला हेच झालं होतं. तिसरा आठवडा सगळ्यात वाईट गेला, रडायची बिचारी, आरशांवर टॉवेल टाकून ठेवले होते आम्ही. चेहरा माणसात यायला पाच महिने लागले. पण आला.

पाटनीपुरा:
ताई, गार पाण्यात भिजवलेला मऊ पंचा पाच-पाच मिनिटं ठेव, आग कमी होते. मलम थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून लावलं तरी बरं वाटतं. डॉक्टर बदलू नकोस.

मेडिकलवाला:
मी स्वतः फार्मासिस्ट आहे, वीस वर्षं दुकान आहे म्हणून लिहितोय. ताईंनी नाव लिहिलं नाही ते चांगलं केलं, पण वर्णनावरून ट्यूब कोणत्या जातीची ते कळतं. त्यात बहुतेक वेळा तीन औषधं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एक स्टेरॉइड. पहिल्या आठ दिवसांत जे उजळतं त्यात स्टेरॉइडचा हात मोठा असतो. ते रक्तवाहिन्या आकसवतं, लाली दबते, चेहरा एकसारखा दिसतो. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. ट्यूबवर लाल पट्टी असते, बघा.

आणि मी पण विकली आहेत. ग्राहक नावानिशी मागतो, नाही म्हटलं तर पुढच्या दुकानात जातो, असं मी स्वतःला सांगायचो. एकदा एक मुलगी आली, तिच्या काखेत आणि मांड्यांवर जांभळ्या रेघा पडलेल्या, ती माझ्याच दुकानातून खाजेची ट्यूब न्यायची. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली. त्या रेघा जात नाहीत. त्या दिवसापासून चिठ्ठी बघितल्याशिवाय देत नाही.

भंवरकुआं हॉस्टेल:
दादा हे वाचून टेन्शन आलं. आमच्या रूमवर तिघांना गजकर्ण आहे आणि तिघंजण एकच ट्यूब लावून राहिलो आहोत, सहा महिने झाले. लावली की खाज बंद, सोडली की दुप्पट. आधी गोल होतं, आता गोल पण दिसत नाही, नुसता पसरलेला डाग.

जुना इंदूरकर:
रामबागेतल्या ताई, तुम्ही ज्या मॅडमबद्दल लिहिताय त्यांचं घराणं मला ठाऊक आहे. त्यांचे आजोबा आणि माझे वडील एकाच कापड मिलमध्ये, एकाच रंगखात्यात. आजोबांचे दोन्ही पंजे कायम चिरलेले असायचे, कातडी जाड, भेगांमधून रक्त. लोक महारोग म्हणायचे. मी लहान होतो पण मला आठवतं, गणपतीत चाळीत पंगत बसायची तेव्हा ते कधी पंगतीला बसले नाहीत. सगळ्यांचं झालं की मागच्या जिन्यात ताट घेऊन बसायचे. स्वभावाने इतका गोड माणूस, आम्हा पोरांना फाळक्यापासून पतंगाच्या मांज्यापर्यंत सगळं करून द्यायचे, पण आमच्या आया आम्हाला त्यांच्या हातचं खाऊ देत नसत. नात स्किनची डॉक्टर झाली तेव्हा मला नवल नाही वाटलं. औषधं कमी देतात म्हणून शंका घेऊ नका एवढंच सांगतो.

त्वचेची डॉक्टर:
एका पेशंटने मला या धाग्याची लिंक पाठवली. माझ्याकडे कोण येतं, कोणाला काय झालंय, हे मी इथे बोलणार नाही, त्यामुळे धागाकर्तीला उत्तर म्हणून नाही तर सगळ्यांसाठी लिहितेय.

काकांनी पंगतीची गोष्ट लिहिली, ती मी आजीकडून ऐकली होती, जिना मात्र आज कळला. थोडा वेळ पुढे वाचवलं नाही. आजोबांना कुष्ठरोग नव्हता. एमजीएम मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना एका पुस्तकात हातांचा एक फोटो बघितला, खाली लिहिलं होतं काँटॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे कातडीला लागलेल्या वस्तूंनी होणारा दाह. रंग, ब्लीच, अल्कली, आणि काम झाल्यावर रंग घालवायला रॉकेलने घासलेले हात. ते हात मी रोज सकाळी बघितलेले होते, चहाचा कप दोन्ही तळव्यांनी उचलायचे कारण बोटं वाकत नसत. हातमोजे, साधं व्हॅसलीन आणि योग्य मलम काही आठवडे, एवढ्यात त्यांना खूप आराम पडला असता. तोवर आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती.

एमडी केलं. आमच्या डिग्रीचं नाव लांबलचक आहे, त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग, कारण या तिन्हीचा पेशंट आपल्याकडे एकाच दारातून येतो. साडेपाच वर्षं एमबीबीएस, पुढे तीन वर्षं एमडी. हे मुद्दाम सांगतेय, कारण आता शहरात पाट्या खूप झाल्या आहेत आणि लेझर चालवणारा प्रत्येक माणूस त्वचारोगतज्ज्ञ नसतो. डिग्री विचारायला लाजू नका, मला विचारलेलं मला आवडतं. माझं खरं शिक्षण मात्र कुष्ठरोगाच्या ओपीडीत झालं. आमचे सर आधी पेशंटचा हात हातात घ्यायचे, हातमोजा न घालता, मग नाव विचारायचे. कोपराच्या मागची नस बोटाने चाचपायची, कापसाच्या धाग्याने चट्ट्यावर हलकं शिवायचं, डोळे मिटून सांगा कुठे लागलं. अजून रोज तेच करते, चेहऱ्याच्या पेशंटचे पण हात बघते ते त्यामुळे.

आता स्टेरॉइडबद्दल. ते वाईट औषध नाही. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन पहिल्यांदा कातडीवर लावून बघितलं गेलं आणि इसबाच्या पेशंटचं आयुष्य बदललं. आजोबांच्या हातांना मी स्टेरॉइडच दिलं असतं. पण तळहाताची कातडी आणि गालाची कातडी यात फार फरक आहे. कोपर ते मनगट या भागाच्या मानाने कपाळ साधारण ६ पट औषध शोषतं आणि जबड्याकडची कातडी १३ पट. तीन औषधांची जी ट्यूब मेडिकलवाल्यांनी सांगितली, तिचं मूळ १९७५ च्या एका फॉर्म्युल्यात आहे, वांगासाठीच केलेला, पण देखरेखीखाली आणि मोजके आठवडे. चार वर्षं रोज लावलं की कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते, मुरुम येतात, आणि औषध काढून घेतलं की दबलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुगतात. ती आग म्हणजे जुनी ट्यूब सुटतेय. बहुतेकांना पहिले काही आठवडे वाईट जातात, मग महिन्यामहिन्याने उतरतं. लग्नापुरती परत लावली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. काही जणांना एकदम बंद करण्याऐवजी सौम्य स्टेरॉइड देऊन हळूहळू उतरवावं लागतं, ते तपासून ठरतं, धाग्यावर वाचून नाही.

औषधं कमी का, तर पेटलेल्या कातडीला प्रत्येक नवीन वस्तू झोंबते. आधी काढायचं, मग शांत होऊ द्यायचं, वांगाकडे त्यानंतर बघायचं. गोरं करायची सुई माझ्याकडे मिळत नाही, रोज कोणीतरी विचारतं म्हणून लिहून ठेवते.

हॉस्टेलवाल्या मुलांनो, तुमची ट्यूब पण तीच जात. गजकर्ण बुरशीमुळे होतं, स्टेरॉइडने खाज दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं, म्हणून गोल पुसलं जातं. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जी बुरशी दिसते तिला २०२० मध्ये वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, आणि टर्बिनाफिन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. त्यामुळे तिघंही एकत्र या. आठवडेच्या आठवडे गोळ्या लागतील, डाग गेल्यावर पण लगेच थांबायचं नाही. टॉवेल वेगळे, चड्ड्या-बनियन गरम पाण्यात, उन्हात उलटे करून वाळवायचे, ओली जीन्स घालायची नाही.

पाटनीपुरा:
मॅडम तुम्ही स्वतः आलात, खूप बरं वाटलं. एक विचारू का? आईला कपाळावर बरोब्बर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडलाय. घरात सगळे घाबरलेत, कोड म्हणून. बहिणीचं जमवायचं आहे.

त्वचेची डॉक्टर:
आईंना आजपासून चिकटणारी टिकली बंद करायला सांगा. टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, ते काही जणींच्या रंगपेशी मारतं आणि डाग नेमका टिकलीच्या आकाराचा पडतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली पण असंच होतं. लवकर थांबवलं तर पुष्कळदा रंग परत येतो. कुंकू लावायचं तर तेही बघून, काही कुंकवातल्या रंगांनी कपाळ काळं पडतं.

आणि समजा कोड निघालंच, तरी कोड संसर्गाने होत नाही, त्याचा कुष्ठरोगाशी काही संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच रंगपेशींवर उलटते, एवढंच. औषधं आहेत, ३११ नॅनोमीटरच्या प्रकाशाची ट्रीटमेंट आहे, स्थिर झालेल्या डागांवर कातडीचं रोपण होतं. बहिणीच्या लग्नाआड ते येता कामा नये. स्थळाकडच्यांना समजवायचं असेल तर माझ्याकडे पाठवा, मी बोलते. आधी बोललेली आहे.

मालवी आजी:
आमच्या वेळी कोणी सनस्क्रीन लावलं नाही, डाळीचं पीठ आणि साय एवढंच. चेहरे कसे तुकतुकीत होते. आजच्या मुली लिंबू चोळतात, बेकिंग सोडा चोळतात, व्हिडिओ बघून काहीही करतात. डॉक्टर बाई, साय चालेल की नाही ते सांगा.

त्वचेची डॉक्टर:
आजी, साय चालेल, मुरुम नसतील तर. डाळीचं पीठ हलक्या हाताने, रोज नाही. लिंबाबद्दल अगदी बरोबर बोललात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे महिनोन्महिने काळे डाग राहतात.

सनस्क्रीन सगळ्यांना लागतंच असं नाही, पण ज्यांना वांग आहेत त्यांना लागतं. एसपीएफ ३० च्या वर, दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ काढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. दोन-तीन तासांनी परत. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही तर साध्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात, म्हणून त्यांच्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त कामाचं. आणि लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन तुम्ही शेतावर जात होतात ना, ते पण सनस्क्रीनच होतं.

राजवाड्याजवळ:
रंगपंचमीला गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, जाणाऱ्यांसाठी पण काही लिहा ना. दरवर्षी आठ दिवस तोंड सोललेलं असतं.

त्वचेची डॉक्टर:
निघण्याआधी अंगाला, केसांना, कानामागे, नखांना खोबरेल तेल चोळा, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. आल्यावर घासू नका! सोलवटतं ते रंगापेक्षा घासण्याने जास्त. रॉकेल, निरमा, विटकर काही नको. तेल लावून पुसा, मग साध्या साबणाने कोमट पाण्यात आंघोळ. न निघालेला रंग तीन-चार दिवसांत आपोआप जातो, वरची कातडी गळते तसा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

बिचोलीहून:
माझ्या अकरा वर्षांच्या मुलीची मान काळी पडलीय, कितीही घासलं तरी जात नाही. शाळेत मुली चिडवतात, आंघोळ करत नाहीस म्हणून. कोणतं क्रीम लावू?

त्वचेची डॉक्टर:
क्रीम नको आणि घासणं आजच थांबवा, तो मळ नाहीये. मानेची, काखेची कातडी मखमलीसारखी जाड आणि काळी होते तेव्हा बऱ्याचदा आत इन्सुलिन नीट काम करत नसतं. वजन किती, घरात कोणाला डायबेटिस आहे का, हे बघून रक्त तपासावं लागेल. वजन उतरलं की मान पण उजळते. मुलीला एवढं नक्की सांगा की यात तिची काही चूक नाही. चिडवणाऱ्या मुलींच्या बाईंनाही सांगा.

भंवरकुआं हॉस्टेल:
मॅडम आम्ही तिघं मंगळवारी येऊन राहिलो आहोत. ट्यूब टाकून दिली.

जुना इंदूरकर:
मॅडम, चार दिवस लिहू की नको करत होतो. माझ्या उजव्या मांडीवर वर्षभरापासून एक फिकट चट्टा आहे, रुपयापेक्षा थोडा मोठा. खाजत नाही, दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नाही. तुम्ही कापसाच्या धाग्याचं लिहिलंत ते वाचून रात्री करून बघितलं. तिथे काही कळत नाही.

त्वचेची डॉक्टर:
काका, उद्या सकाळी दहाला या. नंबर लावू नका, सरळ आत या.

रामबागेतली:
तीन महिन्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. ट्यूब सुदामानगरच्या मावशींनी सांगितलं त्याच रात्री टाकली. लग्नात चेहरा लालच होता. फोटोग्राफर म्हणाला मॅडम एडिट करून देतो, मी म्हटलं राहू दे. सासूबाईंनी मात्र हळदीच्या वेळी स्वतः सगळ्यांना सांगितलं, हिच्या तोंडाला हळद लावायची नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आता आग जवळजवळ नाही. शिरा थोड्या आहेत. मुरुम गेले. वांग परत दिसायला लागलेत, मॅडम म्हणतात आता त्यांच्याकडे बघू. काल पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या, वीस, गॅसपुढे उभं राहून. वहिनींनाही घेऊन गेले होते, त्यांची ट्यूब सहा वर्षांची आहे.

सुदामानगरची मावशी:
शाबास गं!

जुना इंदूरकर:
माझंही सांगतो. कुष्ठरोग निघाला, एकच चट्टा, लवकर सापडला. सहा महिन्यांचं औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पाकिटात दिवसाच्या गोळ्या लावलेल्या असतात. तिसरं पाकीट चालू आहे. घरी सुनेला पहिल्या दिवशीच सांगितलं, ती म्हणाली बरं, आणि ताट नेहमीच्या जागेवर वाढलं. इथे नावाशिवाय लिहितोय पण मोहल्ल्यात नावानिशी सांगितलंय. मॅडमच्या आजोबांना जे नव्हतंच त्यासाठी ते जिन्यात बसले.

त्वचेची डॉक्टर:
काका, औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कोणाला होण्याची भीती राहिलेली नाही. पण घरातल्या सगळ्यांना एकदा तपासायला आणाच, नातवंडांना पण. त्यांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनचा एक डोस द्यायचा का ते तेव्हा बघू. आणि पायाला कुठे बधिरपणा वाटला तर सहा महिने संपायची वाट बघू नका.

जुना इंदूरकर:
नातू शनिवारी रात्रीच्या गाडीने पुण्याहून येतोय. रविवारी सकाळी सगळ्यांना घेऊन येतो. सून पोहे करून आणते म्हणतेय, तुमच्या स्टाफसाठी पण.